उबदार कादंबरी आवडते, पण त्यातली नाती खटकतात? मग अशी वाचून बघा

जूनमध्ये आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थेंब वेळेवर घालायचे, खाली वाकायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, आणि नव्या चष्म्याचा नंबर महिन्याभराने काढायचा. बाकी सगळं त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. महिनाभर वाचता येणार नाही हे कळल्यावर मात्र चेहरा उतरला. वय ८१, आणि दुपारची जेवणं झाली की दोन तास पुस्तक, हा त्यांचा लग्नानंतरचा नेम. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. "मग काहीतरी घरातलं आण," त्या म्हणाल्या. "ज्यात स्वयंपाकघर आहे, पाऊस आहे आणि कोणी मरत नाही."

आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजारात. सूरसागराला वळसा घालून न्यायमंदिरावरून लहेरीपुरा दरवाज्यात शिरलं की पुढे मांडवी, आणि तिथे सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावलं, बडोदे संस्थानात गावोगाव वाचनालयं काढली, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली, त्या सगळ्या पसाऱ्याचं हे मूळ घर. आतल्या कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड झिरपत खाली येतो. तिथल्या मराठी पुस्तकांतून मी एक जुनी कादंबरी आणली. बांधणी नवी, पानं पिवळी, छापल्याचं वर्ष १९६२. नाव सांगत नाही. तुमच्या हातात असेल ती दुसरी असेल आणि गोष्ट बहुधा हीच असेल.

१९३८च्या सुमाराचं पुणं, एक वाडा. आईवडील नसलेली सतरा वर्षांची मुलगी वडिलांच्या मित्राच्या घरी राहायला येते. घरात काकू आहेत, त्यांची चार मुलं आहेत, नवऱ्याने टाकलेली एक नणंद आहे, तिला सगळे आत्या म्हणतात. पहिल्या रात्री काकू त्या मुलीच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतात आणि त्यावर फुलपात्र पालथं घालतात. एवढंच. तो खण्ण आवाज ऐकून मुलीला रडू फुटतं, कारण तिच्या आईच्या मागे तिच्या उशाशी कोणी पाणी ठेवलेलं नसतं. हे वाचताना माझाच आवाज अडला. आई डोळ्यावरचा हिरवा पडदा सारखा करत म्हणाल्या, "हं, पुढे."

आणि पुढे तो येतो. काकूंचा धाकटा दीर, वकील, वय ३२. तो मुलीला शिकवतो, चुकलं की बोलतो, रुसली की हसतो, तिने कोणाशी बोलावं ते ठरवतो. ट्रेनिंग कॉलेजातून तिला बोलावणं येतं तेव्हा ते पत्र कायद्याच्या जाड पुस्तकात दडवून ठेवतो, मुदत टळेपर्यंत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तो हे कबूल करतो. मुलगी अर्धं पान रडते, अर्ध्या पानात हसते, आणि चौघडा सुरू होतो.

अशा पुस्तकाचं करायचं काय? मला ते सोडवत नव्हतं आणि गिळवतही नव्हतं. आमच्या घरात तीन पिढ्यांनी मिळून ते महिनाभर वाचलं, त्यातून जे हाताला लागलं ते सांगते.

सगळ्यात आधी दोन रंगांच्या चिठ्ठ्या करा. पुस्तक लायब्ररीचं असेल तर पेन्सिलसुद्धा लावू नका. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या कापल्या आणि मिठाईच्या डब्यातल्या पिवळ्या कागदाच्या तेवढ्याच. जिथे जीव सुखावला तिथे पांढरी, जिथे टोचलं तिथे पिवळी. वाचताना थांबून विचार करायचा नाही, चिठ्ठी सरकवायची आणि पुढे जायचं. काय टोचलं ते त्या वेळी शब्दांत सांगता येत नाही, आणि सांगायला बसलं की गोष्टीची लय तुटते.

अर्धं पुस्तक झाल्यावर चिठ्ठ्या मोजा. आमच्या २७ पांढऱ्या निघाल्या, ११ पिवळ्या. मग मी प्रत्येक पांढरी चिठ्ठी उघडून तिथे कोण आहे ते पाहिलं. तांब्या, काकू. पावसात वाळवणं उचलताना सगळ्यांची उडालेली धांदल. आत्या अंधारात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते आणि मुलीला सुईत दोरा ओवायला सांगते, ते प्रकरण. धाकट्या मुलाला गोवर होतो ते. या सत्तावीस जागांपैकी वकील होता फक्त तीन ठिकाणी, आणि त्यातल्या एका ठिकाणी तो झोपलेला होता.

मला हे आधी कळलं नव्हतं. पुस्तकाच्या वेष्टणावर, प्रस्तावनेत, लोकांच्या बोलण्यात, सगळीकडे ती त्या दोघांची प्रेमकहाणी म्हणूनच ओळखली जाते, त्यामुळे ऊब तिथूनच येत असणार असं मी धरून चालले होते. म्हणून मला अपराध्यासारखं वाटत होतं, की असल्या माणसाच्या गोष्टीत मी रमते कशी. मी त्याच्यात रमतच नव्हते. तुम्हीही मोजून बघा. तुमचं पुस्तक वेगळं निघेल, कदाचित तुमच्या पांढऱ्या चिठ्ठ्या खरंच त्या जोडीपाशीच असतील, मग तुमचा प्रश्न माझ्यापेक्षा अवघड आहे. पण बहुतेक घरगुती कादंबऱ्यांत ऊब बाजूच्या माणसांकडे असते, आणि एकदा ती कुठे आहे हे समजलं की तिच्याजवळ निवांत बसता येतं.

आता गाळण्याबद्दल. हे मी चुकून शिकले.

पत्राच्या प्रकरणाशी आलो तेव्हा मला ते वाचवेना. आईंचा डोळा नाजूक, त्यांना त्रास नको, अशी स्वतःची समजूत घालून मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं वाचू लागले. बाहेर पाऊस होता. शेजारच्या बेन लीलो चिवड्याची पुडी घेऊन आल्या होत्या. त्यांना मराठी निम्मंच कळतं, पण रोज येऊन बसत. आईंनी हात वर केला. "दोन पानं उलटलीस. आवाज आला मला."

मी म्हटलं, "तो पत्र लपवतो आई. नको वाटलं."

"वाच."

वाचलं. कायद्याच्या पुस्तकाची चामडी पाठ, आत सरकवलेलं निळं पाकीट, बाहेर काकूंची भांडी घासल्याचा आवाज. वाचून झाल्यावर कोणी बोललं नाही. मग आई म्हणाल्या, "माझंही पत्र आलं होतं. मास्तरणीच्या नोकरीचं. मामंजींनी देवाच्या फडताळात ठेवलं, गणपतीमागे. दिवाळीला फडताळ पुसायला काढलं तेव्हा मला सापडलं. तारीख होऊन गेली होती."

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हे मला माहीत नव्हतं.

मला वाटलं, आता हे पुस्तक बंद करावं. आईंनी चिवड्याचा घास घेतला आणि विचारलं, "थांबलीस का?" मी म्हटलं, "तुम्हाला अजून आवडतं हे?" त्या म्हणाल्या, "तो वकील आवडतो असं मी कधी म्हटलं? मला काकू आवडतात. मला फडताळात पत्र सापडलं त्या दिवशी घरात कोणी विचारलं नाही की जेवलीस का. काकू असत्या तर विचारलं असतं." तेवढ्यात शेजारच्या बेन काळजीने म्हणाल्या, "पेलीने कागळ मळ्यो के नहीं?", म्हणजे त्या मुलीला पत्र मिळालं की नाही. आईंनी त्यांना गुजरातीत सगळं समजावून सांगितलं, आपलं सोडून.

तेव्हा टोचणारं पान गाळू नका. स्वतःशी वाचत असाल तरी तेच पान सावकाश, जमलं तर मोठ्याने वाचा. गाळलं की ते पान संपत नाही, मनात तसंच राहतं आणि पुढची सगळी ऊब खोटी वाटू लागते. वाचलं की निदान ते केवढं आहे हे कळतं. आणि दुसऱ्याला वाचून दाखवत असाल तर त्याला काय झेपेल हे तुम्ही परस्पर ठरवू नका. मी तेच केलं होतं, आईंच्या भल्यासाठी, आणि वकीलही पत्र लपवताना मुलीच्या भल्याचंच म्हणतो. हे लक्षात आल्यावर मी आईंची माफी मागितली.

यानंतर घरात वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा. माझी लेक युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी घरी आल्यावर तिने ते प्रकरण वाचलं आणि म्हणाली, "हा माणूस म्हणजे चालताबोलता रेड फ्लॅग आहे, आणि तुम्ही दोघी चहा पीत ऐकताय?" माझ्या तोंडून जे उत्तर निघालं ते तुम्ही देऊ नका. मी म्हटलं, "अगं, त्या काळी असंच होतं."

हे वाक्य सोपं आहे आणि बहुतेक वेळा खोटं आहे. त्या काळी असं होत होतं, आणि त्याच काळी लोकांना ते खटकतही होतं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९०च्या दशकाच्या आरंभी 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः आली. तीही घरातलीच गोष्ट, यमूने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली, आणि तिच्यात विधवा यमूच्या केसांचं काय होतं ते वाचून लोक तेव्हाही हादरले होते. म्हणजे आमची कादंबरी ज्या काळातली गोष्ट सांगते त्याच्या पंचेचाळीसेक वर्षं आधीच मराठीत हे सगळं लिहून झालं होतं.

म्हणून पुस्तक घेतल्यावर दोन वर्षं कागदावर लिहून ठेवा, गोष्ट घडते ते आणि पुस्तक छापलं ते. मग त्या दोन वर्षी कायदा काय होता ते बघा. रुक्ष वाटेल, पण याने वाचनाला वेगळीच धार येते. आमच्या पुस्तकातल्या आत्याचं उदाहरण घ्या. नवऱ्याने तिला टाकलं आहे, त्याने दुसरा संसार मांडला आहे, आणि ती वाड्याच्या मागच्या खोलीत गोधड्या शिवते. लेखक तिला फार मायेने रंगवतो, जणू सोसणं हाच तिचा दागिना. आता वर्ष बघा, १९३८. ज्या जातींत काडीमोडीची रीत होती त्यांची गोष्ट वेगळी, पण या वाड्यातल्या घरासारख्या हिंदू घरातल्या बाईला पुण्यात तेव्हा सुटायची कायदेशीर वाट नव्हती. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा आला १९४७ला, आणि सगळ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ला. बडोदे संस्थानात मात्र सयाजीरावांनी १९३१ सालीच ठरावीक कारणांसाठी हिंदूंना घटस्फोट घेता येईल असा कायदा केला होता.

हे मी सांगितलं तेव्हा आई उठून बसल्या. "म्हणजे ती आत्या आमच्या बडोद्याची असती तर सुटली असती!" मग त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही. आत्या बडोद्याला आली असती तर कुठे राहिली असती, रावपुऱ्यात की आमच्या गल्लीत, शिवणकाम कोणाकडे केलं असतं, हेच आम्ही तिघी बोलत बसलो. लेकीने तर तिला शिवणाचं यंत्रसुद्धा घेऊन दिलं. पुस्तकातल्या माणसासाठी अशी वाट काढत बसणं हाही वाचनाचाच आनंद आहे, तो घ्या. कायदा असला म्हणजे बाईला तो वापरता येतोच असं नाही, हे आईंनी लगेच सांगितलं, आणि ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

आणखी एक गोष्ट पारखायची, माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. घरात एखाद्यावर अन्याय होतो, तो पुस्तकाला ठाऊक आहे का? माणसं चुकतात म्हणून पुस्तक वाईट होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या, पहिला भाग १९३४ साली आला. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा तापट स्वभाव, न सांगता घर सोडून जाणं, १८९५ला ख्रिस्ती झाल्यावर दोघांची झालेली ताटातूट, लक्ष्मीबाई सगळं सांगतात. काही झाकत नाहीत आणि तरी पानापानांतून त्यांची माया दिसते. हसवता हसवता त्या रडवतात. तिथे वाचणारीला आपलं मन दोन खणांत ठेवावं लागत नाही, कारण सांगणारीने ते आधीच केलेलं असतं.

आमच्या कादंबरीच्या लेखकाला लक्ष्मीबाईंची नजर नाही, हे उघड आहे. पण अगदीच आंधळा आहे का? हे बघायला पिवळ्या चिठ्ठीच्या पुढची दोन-तीन पानं परत वाचा. अन्यायानंतर गोष्टीतलं कोण गप्प होतं, कोण उठून आत जातं, त्या दिवशी ताटात काय पडतं ते बघा. जुने लेखक पुष्कळदा जे थेट लिहायला धजत नसत ते स्वयंपाकघरात ठेवून देत.

आमच्याकडे अशी एक जागा सापडली. वकिलाने पत्राचं कबूल केल्यानंतरची पंगत. काकू वाढताहेत. भात, वरण, मग तूप. सगळ्यांच्या भातावर तुपाची धार पडते आणि वकिलाच्या पानापाशी काकू पुढे निघून जातात. एकच ओळ, त्यावर कोणी काही बोलत नाही, नंतरही उल्लेख नाही. लेक म्हणाली, घाईत राहिलं असेल, लग्नघर आहे. आई म्हणाल्या, पंगतीत तूप राहत नसतं, मीठ राहतं. मी ती ओळ तीनदा वाचून दाखवली आणि मला ठरवता आलं नाही.

आता सोडून कधी द्यायचं. मला स्वतःला एक गोष्ट चालत नाही, मारहाण ही गंमत म्हणून आलेली. तिथे मी पुस्तक मिटते, आतली पुरणपोळी कितीही चांगली असो. तुमची रेघ वेगळी असेल. आणि पुस्तकातलं दुखणं तुमचंच चालू दुखणं असेल, आज घरात तेच सोसत असाल, तर असली कादंबरी सध्या बाजूला ठेवा. आई साठ वर्षांनंतर ते पत्राचं पान ऐकू शकल्या. त्या वर्षी ऐकू शकल्या असत्या असं त्यांनाही वाटत नाही.

शेवटच्या प्रकरणासाठी एकच सूचना. दुपारी वाचा, रात्री झोपताना नको. लग्न, चौघडा, सगळ्यांचे ओले डोळे, हे वाचून तसंच झोपी गेलं की खटकलेलं सगळं विरघळून जातं आणि सकाळी आपणच आपल्यावर चिडतो. दुपारी वाचलं की चार वाजता चहा असतो आणि चहाला कोणीतरी असतं. आम्ही लग्नाचं प्रकरण वाचलं तेव्हा तिघीही त्या दोघांकडे बघत नव्हतो. मुलगी सासरी म्हणून कुठे जात नाही, त्याच वाड्यात राहते, आणि पहिल्या रात्रीसारखाच काकू तिच्या उशाशी तांब्या ठेवून जातात, या वेळी दोन फुलपात्रं. लेकीने पांढरी चिठ्ठी सरकवली. मग थोडा विचार करून त्याच पानात पिवळीही सरकवली. एका पानात दोन्ही चालतात.

असं पुस्तक लहान मुलीच्या हातात देताना तुमच्या चिठ्ठ्या आत ठेवू नका. तिला तिच्या लावू द्या, मग जोडून बघा. माझ्या सतरा वर्षांच्या भाचीने वकिलापाशी पांढऱ्या चिठ्ठ्या लावल्या, पाच. मी काही बोलले नाही. फक्त विचारलं, ट्रेनिंग कॉलेजचं बोलावणं तुला आलं असतं तर? ती बराच वेळ पाय हलवत बसली आणि एक चिठ्ठी काढून घेतली. चार अजून आहेत.

पुस्तक परत करायच्या आदल्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या मोजून काढा, नाहीतर पुढच्या वाचकाला तुमचंच मन सापडेल. मी काढायला बसले तोच आईंचा नवा चष्मा आला. त्यांनी तो चढवला, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पंगतीचं पान काढलं. बोट ठेवून सावकाश वाचलं. मग मला हाक मारली.

"तू तीनदा वाचलंस आणि तिन्ही वेळा एक शब्द गाळलास."

मी वाकून पाहिलं. ओळीच्या शेवटी, पुढच्या ओळीवर तुटून गेलेला, मला घाईत दिसलाच नव्हता: काकू तुपाची वाटी घेऊन पुढे गेल्या, मुद्दाम.